भोंग्यातला पाहुणा

मोरेश्वर बेलखेडे यांनी सासऱ्यांना गाण्याने बरं करायचं ठरवलं. सासऱ्यांना आजार कुठलाच नव्हता, पण एवढ्याशा गोष्टीसाठी ठरलेला बेत मोडणाऱ्यांतला मोरेश्वर नव्हता.

(तसा तो सौंसरच्या, म्हणजे सीमेपलीकडच्या हिंदी राज्यातल्या, तहसील कचेरीत बाबू. दिवसभर हिंदीत आवेदनं आणि प्रतिवेदनं लिहायची, संध्याकाळी घरी येऊन मराठीत गायचं. बेलखेडे दिवसा गात नाही हे त्याचे सरकारवर उपकार आहेत, असं त्याचे साहेब म्हणत.)

साल असावं एकोणनव्वद. सासरे केशवराव बोरगावचे. घरची कपाशी, थोडी संत्र्याची झाडं आणि दावणीला लाखन आणि चांद्या ही बैलजोडी. पण केशवरावांचं नाव होतं ते या कशाहीमुळे नव्हे. नाव होतं झडतीमुळे. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की आमच्याकडे गावातले तोंडाळ लोक पुढे येतात आणि एकमेकांना यमकं जुळवून, ठेक्यात, खच्चून ओरडून हाणतात. सरपंचापासून जावयापर्यंत कोणाची सुटका नसते. त्याला झडती म्हणायचं. एकाने टाकली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तर नाही सुचलं तर वर्षभर खाली मान घालून फिरायचं. केशवराव असे झडतीवाले की शेजारच्या गावांतून माणसं आपले बैल सोडून बोरगावच्या पोळ्याला यायची.

त्या उन्हाळ्यात केशवरावांचे गुडघे बसले. शेत बटईने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, दिलं, जोडी लोधीखेड्याला ओळखीच्या घरी विकली आणि सासू तर आधीच गेलेली, म्हणून वच्छलाने बापाला सौंसरला आपल्या घरी आणलं. तेव्हापासून म्हातारा ओसरीत भिंतीला टेकून बसला तो बसलाच. विचारलं तर 'हो', नाहीतर 'नाही'. ज्या माणसाच्या जिभेला अख्खा तालुका भ्यायचा, त्याच्या तोंडून तिसरा शब्द निघेना. डॉक्टरने छातीला नळी लावून पाहिली, पाठ वाजवली आणि म्हणाला, "काकाजी तो फर्स्ट क्लास आहेत. फक्त बोलत नाहीत."

"फक्त!" वच्छला घरी येऊन पदराने डोळे पुसत म्हणाली. "अजी, माह्या बाबाचं बोलनंच तं होतं सारं. थे गेलं तं राहिलं काय?"

मोरेश्वराला बायकोचं रडणं पाहवत नसे. (तिचं ओरडणंही पाहवत नसे, पण ते ऐकावं लागे.) त्याने एका दिवाळी अंकात वाचलं होतं की सुरांनी माणसाच्या मनाच्या गाठी सुटतात. कोणाच्या सुरांनी, ते लेखकाने लिहिलं नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मोरेश्वराने ओसरीत पेटी मांडली.

मोरेश्वराची गाण्याबद्दल ठाम मतं होती. त्याच्या मते गाण्यात शब्द जितके कमी तितकं गाणं उंच. सगळ्यात उंच गाणं म्हणजे नुसता आलाप. म्हणून तो भजन म्हणायला बसला तरी आधी डोळे मिटून बराच वेळ नुसतं 'आ' करत असे, आणि देवाचं नाव येईपर्यंत ऐकणारे पांगलेले असत. सासरे बिचारे पांगू शकत नव्हते. त्यांनी पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. पुढे पुढे पेटीचा भाता उघडल्याचा आवाज आला की ते भर उकाड्यात डोक्यावरून घोंगडी ओढून घेऊ लागले.

"पाहा, गुण येऊन राहिला," मोरेश्वर बायकोला म्हणाला. "झोप लागायला लागली त्यांना."

वच्छलाने नुसतं कपाळाला हात लावला.

असं चाललेलं असताना पोळ्याच्या दोन दिवस आधी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरहून अरविंद आला. अरविंद म्हणजे मोरेश्वराच्या बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगला होता. मानेवर रुळणारे केस आणि शबनम पिशवीत एक कॅसेट. त्याच्या मित्राचा भाऊ अमेरिकेत होता, त्याच्याकडून आलेल्या कॅसेटवरून याने भरून घेतली होती. मोरेश्वराचा टू-इन-वन, म्हणजे टेप आणि रेडिओ एकातच, समोर दिसताच त्याने ती लावली.

आधी ढोल बडवल्यासारखं काही वाजलं. मग एक माणूस बोलायला लागला. बोलत राहिला. रागावल्यासारखा, दम न घेता, कोणाशी तरी भांडण काढल्यासारखा बोलत राहिला. मोरेश्वर बराच वेळ वाट पाहत होता.

"गाणं कधी सुरू होते?" शेवटी त्याने विचारलं.

"मामा, हेच गाणं आहे. याला रॅप म्हणतात."

"हे? हे तर नुसतं बोलून राहिला! सूर कुठे आहे? राग कोणता?"

"राग आहे ना मामा. चिडून राहिला आहे किती."

"अरे गाढवा, तसा राग नाही! असं बोलणं गाणं असेल तर मग आमचे साहेब सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन जे करतात, ती मैफलच म्हणायची?"

"ठेका ऐका ना मामा. शब्द कसे ठेक्यावर बसून राहिले! यमक पाहा! तुमच्या आलापात एक तरी शब्द असतो का?"

भाच्याने मामाच्या वर्मावर बोट ठेवलं. मोरेश्वर लाल झाला. स्वर म्हणजे आत्मा, शब्द म्हणजे टरफल, अशी सुरुवात करून त्याने अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि अरविंदनेही आवाज चढवला. शेवटी वच्छला हातातला झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"भांडता कायले? एकात नुसते शब्द, एकात नुसतं आ. दोघं मिळून एक गानं होऊ शकते." आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा झोपले आहेत का जागे, तेवढं तरी पाहा."

केशवराव जागे होते. घोंगडी डोक्यावरून खाली आलेली होती आणि ते टू-इन-वनकडे पाहत होते. पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मामा आणि भाचा एकमेकांकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी. उद्या पोळा, म्हणून आज बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं. माहेरच्या सवयीने वच्छलाने तूप गरम केलं, त्यात हळद कालवली, वाटी ओसरीत आणून ठेवली आणि ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की घरात बैलच नाहीत. ती तशीच उभी राहिली. केशवरावांनी वाटी उचलली. बोटं बुडवली. आणि ओसरीचा जो लाकडी खांब त्यांच्या शेजारी होता, त्याला ते हळूहळू तूप चोळू लागले. वरून खाली, वशिंडाखाली चोळतात तसं.

मोरेश्वर कचेरीतून येत होता. त्याने फाटकातून ते पाहिलं आणि सायकल हातात धरून तिथेच थांबला. माणूस गाण्यात कच्चा होता, मनाचा कच्चा नव्हता. घंटी वाजू नये म्हणून त्याने सायकल उचलूनच आत नेली.

"उद्या काय होईल हो?" आत गेल्यावर वच्छलाने विचारलं. तोरण बांधायचं मैदान त्यांच्या घरासमोरच होतं. "इथे समोर घुंगरं वाजतील, झडत्या होतील. माह्या बाबाच्या कानावर पडंल सारं. कसं सोसतील थे?"

"पडणारच नाही," मोरेश्वर म्हणाला. आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात तो विचार आला. भैय्याजीचा भोंगा पोळ्याला मैदानात लागणारच होता. त्यातून झडतीच्या वेळी आपलं भजन लावलं, तर म्हाताऱ्याच्या कानावर झडती जाणार नाही, जाईल ते शुद्ध संगीत. एका दगडात दोन पक्षी. (दगडाचं काम आमच्याकडे खरं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे पांढुर्ण्याला, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायच्या गोटमारीत. पण मोरेश्वराला धीर नव्हता.)

भैय्याजी म्हणजे 'जय बजरंग साउंड सर्विस'चे मालक. लग्न असो, निवडणूक असो, हरवलेली म्हैस असो, सौंसरात आवाज त्यांचाच. ते एका अटीवर कबूल झाले.

"बाबूसाब, कॅसेट लगा देतो. मगर माईक नाही मिळणार."

या अटीला इतिहास होता. मागच्या गणपतीत मोरेश्वराच्या हातात माईक आला होता आणि त्याने तो परतच दिला नव्हता. शेवटी आरतीसाठी जामसांवलीहून दुसरा माईक मागवावा लागला होता. तेव्हा कॅसेट तर कॅसेट. करंटची लाईन नेहमीप्रमाणे मोरेश्वराच्या ओसरीतल्या बटनावरून घ्यायची, हेही ठरलं.

आता कोरी कॅसेट हवी. पोळ्याच्या सकाळी सौंसरातली सगळी दुकानं बंद. मोरेश्वर दोनदा बाजारात फेरी मारून आला आणि मग त्याची नजर अरविंदच्या कॅसेटवर पडली. अरविंद सकाळपासून कवडू घागरेच्या गोठ्यात त्याच्या बैलांची शिंगं रंगवायला गेला होता. मोरेश्वराला वाटलं, या कॅसेटवर भजन भरलं तर ती कॅसेट पवित्रच होईल. चोरी कसली, हा तर उद्धार!

दुपारी त्याने दार लोटून घेतलं, आवाज नको म्हणून पंखा बंद केला, कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली, भरायचं बटन दाबलं, डोळे मिटले आणि आलाप सुरू केला.

थोड्याच वेळात लाईट गेली.

आता इथे घरची एक रीत सांगायला हवी. सौंसरात लाईट जाण्याचं कोणाला काही वाटत नसे, भीती होती ती येण्याची. येताना ती अशी झटक्याने येई की मागच्या साली वच्छलाचा मिक्सर त्यात गेला. म्हणून लाईट गेली की घरभर फिरून सगळी बटनं बंद करायची, हा वच्छलाचा नेम होता. ती पुरणाचे हात पुसत आली, टू-इन-वनचं भिंतीवरचं बटन बंद केलं, गाणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. गाताना हाक मारायची नाही, हा मोरेश्वराचा नेम होता. नेम दोघांनीही पाळला. (यंत्रात सेलही नव्हते. ते हातातल्या बॅटरीत घातले होते, कारण लाईट जायची.)

मोरेश्वर पुढे पाऊण तास बंद यंत्रासमोर गात होता. म्हणे त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं गाणं होतं. असेलही, ते शेवटपर्यंत ऐकलेला एकही माणूस नाही.

दुपार कलता कलता लाईट आली. वच्छलाने बटनं लावली. मोरेश्वराने कॅसेट मागे फिरवून सुरुवात ऐकली. 'आऽऽऽ' असा आपलाच आवाज आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचं ऐकण्याइतकी ताकद आपल्यात नाही असं वाटून त्याने यंत्र बंद केलं आणि कॅसेट भैय्याजीच्या हातात नेऊन दिली.

मैदान भरलं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, खाली बैलांची रांग. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. मधोमध मानाची जोडी कवडू घागरेची, आणि तिचा कासरा धरून अरविंद, हाताला शिंगांचा रंग लागलेला. ते दिवस आठवले की अजूनही नाकाला त्या रंगाचा, शेणाचा आणि घराघरातून येणाऱ्या पुरणाचा वास येतो. आज पोळे भरतात, पण बैल मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तेव्हा शेवटचा बैल दिसत नसे. ओसरीत केशवराव घोंगडी डोक्यावरून घेऊन मैदानाकडे पाठ करून बसले होते आणि वच्छला त्यांच्यामागे उभी होती.

कवडूने झडतीसाठी घसा खाकरला, तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

"आऽऽऽऽ..."

लोक थांबले. मोरेश्वराने हात जोडून डोळे मिटले. 'आऽऽ' लांबत गेलं. चार-पाच बैलांनी मान वर करून हंबरून उत्तर दिलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कवडू तर अजून घसा खाकरल्याच्या अवस्थेतच उभा होता. आलाप वर चढला, तिथे थरथरला, आणि अचानक कोणी गळा दाबावा तसा मधेच तुटला. भोंग्यात खट्ट झालं.

आणि पाहुणा बोलायला लागला.

धाड धाड ठेका, त्यावर इंग्रजी शब्दांची सरबत्ती, दर ओळीच्या शेवटी यमक. मोरेश्वराने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं की आपल्याला काही तरी झालं. मग तो भैय्याजीच्या टेबलाकडे धावला. पण कवडूने आडवा हात घातला.

"हात नका लावू, बाबूजी!"

"अरे, ते बंद करू दे! ते माझं नाही!"

"कोनाचं का असंना. झडती मधात तोडत नसतात. त्याचं होऊ द्या."

"झडती नाही रे ती!"

"नाही कशी? ठेका हाय, जुळवनी हाय, दम हाय. मानूस कोन्या गावचा हाय तेवढं सांगा."

सारं मैदान कान टवकारून ऐकत होतं. शब्द एक कळत नव्हता, पण झडतीवाल्या माणसाला आवाजावरूनच कळतं की समोरचा आपल्याला खिजवतो आहे. कवडूने अरविंदला पुढे ओढलं. "अरविंदभाऊ, तुमी इंग्रजी शिकले. काय म्हनून राहिला थो?"

अरविंदचं तोंड आपली कॅसेट ओळखून उघडं पडलं होतं, पण प्रश्न आला म्हणून त्याने उत्तर दिलं. "तो म्हणून राहिला की... माझ्यासारखा बोलणारा दुसरा नाही. तुमच्या गल्लीतले सगळे माझ्यासमोर फिके आहेत."

"आता बोला!" कवडू मांडीवर थाप मारून म्हणाला. "आपल्या तोरनाखाली येऊन आपल्यालेच!" आणि त्याने भोंग्याकडे तोंड करून झडती टाकली:

"आंब्याचं तोरन, तोरनाले गाठ,
भोंग्यात लपला त्याची सोलून काढू पाठ!"

"हर हर महादेव!" मैदान गरजलं. पण पाहुण्यावर काही परिणाम झाला नाही. तो आपला दम न घेता चालूच होता. कवडूने दुसरी टाकायला तोंड उघडलं आणि त्याला दुसरी ओळ सुचेना. आणखी दोघांनी जोर करून पाहिला, तेही अर्ध्यात बसले. भोंगा कोणाला श्वासच घेऊ देईना.  सौंसरच्या पोळ्यात, मानाच्या जोडीसमोर, एका परक्या माणसाला उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. लोकांच्या माना खरंच खाली गेल्या.

तेव्हा ओसरीतली घोंगडी खाली पडली.

"कोन बोलून राहिला थो?" केशवराव म्हणाले.

वच्छलाने खांबाला धरलं. बापाचा हा आवाज ती कितीतरी महिन्यांनी ऐकत होती.

"एवढा बोलून राहिला, अन् उत्तर द्यायले कोनी नाही? मेले का सारे?"

म्हातारा उठला. चपला न घालता, एका हाताने गुडघा दाबत, फाटकातून बाहेर आला. गर्दीने वाट दिली. केशवराव थेट भोंगा बांधलेल्या लिंबाखाली गेले, वर पाहिलं, थोडा वेळ मान हलवत ठेका पकडला, आणि मग त्या पाहुण्याच्या ठेक्यावरच पाय आपटून त्यांचा तो जुना आवाज फुटला:

"सात समुद्र लांघून आला पाव्हना,
बोलते लय, पर बैल त्याचा दिसंना!"

काय गलका झाला म्हणता! टोप्या उडाल्या. बैल बुजले, घुंगरं खणखणली. कवडूने म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. केशवरावांनी त्याला बाजूला केलं. त्यांचं झालेलं नव्हतं.

"बैल माहे गेले, दावन राह्यली रिती,
बोलाची जोडी जुपली, मले कायची भीती!"

या वेळी लगेच कोणी ओरडलं नाही. बोरगावचे जे दोन-चार जुने लोक तिथे होते, त्यांना लाखन आणि चांद्या माहीत होते. एकाने उपरण्याने नाक पुसलं. मग 'हर हर महादेव' झालं, पण जरा घोगऱ्या आवाजात. मोरेश्वरालाही भरून आलं. आपण महिनाभर ज्यासाठी गळा फाडत होतो ते झालं, असं त्याला वाटलं आणि तो सासऱ्यांना धरायला पुढे झाला. नेमकं तेच नडलं. केशवरावांची नजर त्याच्यावर पडली, आणि झडतीवाल्याची नजर ज्याच्यावर पडते त्याची सुटका नसते.

"जवाई माहा गवय्या, पेटीवर बसते,
आ करते पहाटेले, गाव सारं हासते!"

गाव खरंच हसलं. इतकं हसलं की भैय्याजीला आपलं टेबल धरून उभं राहावं लागलं. आणि त्या हसण्यातच भोंगा अर्ध्या शब्दावर गप्प झाला. पाहुण्याचा आवाज बंद. एक क्षण सगळे वर पाहत राहिले.

"हारला!" कवडू ओरडला. "गप झाला! हारला थो!"

मग तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळले आणि केशवरावांना लोकांनी खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी म्हातारा पुरणपोळीवर तूप ओतून घेत जो बोलायला लागला, तो थांबेचना. वच्छला पोळ्या लाटता लाटता हसत होती आणि डोळेही पुसत होती. मोरेश्वर हळूच तिच्याजवळ जाऊन बसला.

"बरं झालं ऐनवेळी लाईट गेली," तो म्हणाला.

"गेली कुठं? म्या बटन बंद केलं."

"काऊन?"

"बाबाले दम लागून राहिला होता. भोंग्याले कुठं दम लागते? आणखी थोडं चाललं असतं तं हारले असते थे." तिने पोळी तव्यावर टाकली. "एवढ्या दिसांनी बोलले माहे बाबा. त्यायले हारू कशी देऊ?"

 दुपारी टू-इन-वनच्या बटनाचं काय झालं होतं, हेही मोरेश्वराला तेव्हाच उलगडलं, पण त्याबद्दल तोंड उघडण्यात अर्थ नव्हता.

बाहेर अरविंद केशवरावांना खोदून विचारत होता. "आबाजी, तुम्हीच सांगा. ते गाणं आहे की नाही?"

केशवरावांनी घास गिळला, विचार केला. "गानं-बिनं मले नाही समजत, बाबू. पर थो मानूस जे बोलून राहिला होता ना, थे बोलल्याबिगर त्याचं अन्न पचत नसंल. झडतीचं तसंच अस्ते. मले आता समजलं, मले कायचं अजीर्न झालं होतं."

अरविंदने विजयी मुद्रेने मामाकडे पाहिलं. मोरेश्वर झडतीपासून जखमी होता, पण माणसाची आशा वाईट. त्याने ओसरीत येऊन सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, आणि त्याच्या आधी जे लागलं होतं, ते कसं वाटलं?"

"त्याच्या आंधी?" केशवराव आठवू लागले. "त्याच्या आंधी तं काही नव्हतं. भैय्याजी भोंगा तपासून राहिला होता."

अरविंदला ती कॅसेट परत मिळाली नाही. भैय्याजीने ती दिलीच नाही. दर पोळ्याला लोक म्हणत, पाहुण्याला बोलवा, आणि दर पोळ्याला केशवराव लिंबाखाली उभे राहून अमेरिकेला हरवत. बटन वच्छलाच्या हाती असे. केशवराव गेले त्या सालीही पोळा भरला, पाहुणा बोलला, पण उत्तर द्यायला कोणी पुढे झालं नाही. भैय्याजीने स्वतःच कॅसेट बंद केली आणि पुन्हा ती पोळ्याला लावली नाही.

पण सुरुवातीचा तुकडा वाया गेला नाही. तो दोन-अडीच मिनिटांचा 'आऽऽऽ' भोंगा तपासायला इतका सोयीचा ठरला की पुढे कित्येक वर्षं सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत एकही लग्न, गणपती किंवा प्रचारसभा मोरेश्वराच्या आवाजाशिवाय सुरू झाली नाही. एवढे श्रोते या भागात कोणत्याच गवयाला लाभले नसतील. मोरेश्वरानेही मनाची समजूत घातली होती.

पुढे साहेबांच्या मुलीच्या, मीनाच्या, लग्नात पांढुर्ण्याला त्याला खरोखरचं गायला बोलावलं. खरी पेटी, खरा माईक, समोर भरलेला मांडव. मोरेश्वराने डोळे मिटले आणि जीव ओतून आलाप घेतला. मांडवाच्या टोकाकडून लगेच दाद आली.

"बस, भैय्याजी, बस! आवाज बरोबर येऊन राहिला. आता गानं लावा!"